बाळाचे डोके चपटे का होते?



परसातला भोपळ्याचा वेल तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. मांडवाला लटकलेला भोपळा चोहोबाजूंनी सारखा गोल वाढतो. जमिनीला टेकलेला भोपळा मात्र टेकलेल्या अंगाने चपटा होतो. त्याला कोणी दाबलेले नसते. तो वाढत असतो आणि वाढताना त्या एका बाजूला त्याला जागा मिळत नाही, एवढेच. म्हणून जाणता शेतकरी फळ कोवळे असतानाच ते हलक्या हाताने फिरवून ठेवतो. फळ जून झाल्यावर फिरवून काही उपयोग नसतो, हे त्याला ठाऊक असते.

आपल्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या डोक्याची हकीकत पुष्कळशी अशीच आहे. ते मागून किंवा एका अंगाने चपटे का होते, तसे होऊ नये म्हणून काय करावे, झालेच तर काय करावे, आणि कोणत्या वेळी घरगुती उपाय बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे जावे, हे आज मी सांगणार आहे.

मी एका तालुक्याच्या गावी पुष्कळ वर्षे दवाखाना चालवला. एकदा एक सासू आणि सून तीन महिन्यांचे बाळ घेऊन आल्या. बाळ चांगले बाळसेदार होते, हसत होते. सासूबाईंनी बाळाचे टोपरे काढले आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, बघा, पोराचं डोकं उजव्या अंगानं बसलंय. हिनं लक्षच दिलं नाही. आमच्या वेळी मोहरीच्या उशीवर पोरं निजवली, एकाचंही असं झालं नाही.’’ सून खाली मान घालून उभी होती. तिच्या डोळ्यांना पाणी आले होते.

मी विचारले, ‘‘पाळणा कुठं टांगलाय?’’

‘‘माजघरात.’’

‘‘आणि उजेड कुठून येतो?’’

‘‘ओसरीकडचं एकच दार आहे.’’

सगळा उलगडा तिथेच झाला. पाळण्यात बाळाचे डोके रोज एकाच बाजूला आणि पाय एकाच बाजूला. उजेड उजवीकडून, आईचा आवाज उजवीकडून, येणारी-जाणारी माणसेही उजवीकडून. मूल उजवीकडेच तोंड करून निजणार. तीन महिने ते तसे निजले आणि उजवे अंग टेकून टेकून चपटे झाले. यात सुनेचा दोष नव्हता आणि सासूचाही नव्हता. दोष असलाच तर पाळण्याच्या दिशेचा होता.

आता हे घडते कसे, ते पाहू. मोठ्या माणसाच्या कवटीची हाडे एकमेकांना घट्ट सांधलेली असतात. तान्ह्या बाळाची तशी नसतात. ती सुटी-सुटी, पातळ आणि लवचीक असतात, आणि त्यांच्यामध्ये जोडाच्या रेषा असतात. जिथे हाडे अजून मिळालेली नाहीत, तिला आपण टाळू म्हणतो. पुढची टाळू साधारणपणे वर्ष ते दीड वर्षात भरते. ही योजना निसर्गाने मुद्दाम केली आहे. एक तर जन्माच्या वेळी डोके वाटेतून बाहेर पडावे म्हणून, आणि दुसरे म्हणजे आतला मेंदू वाढायला जागा मिळावी म्हणून.

ही वाढ किती झपाट्याने होते, पाहा. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटीमीटर असतो. तीन महिन्यांत तो सुमारे ४० होतो आणि वर्षाअखेर सुमारे ४५. म्हणजे वर्षभरातली निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. नेमक्या याच काळात बाळाला मान धरता येत नाही, कूस बदलता येत नाही. आपण जसे निजवू तसे ते निजते. म्हणून डोके चपटे होण्याचा काळ हाच, आणि ते सुधारण्याचा उत्तम काळही हाच.

लक्षात घ्या, डोके बाहेरून थापल्याने गोल होत नाही. आतून मेंदू वाढतो आणि तो कवटीला आकार देतो. आपले काम एवढेच, की त्याला सगळ्या बाजूंनी सारखी मोकळीक द्यायची.

काही बाळांच्या बाबतीत जास्त लक्ष ठेवावे लागते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली बाळे, जुळी बाळे, आणि आजारपणामुळे फार दिवस एका जागी निजून राहिलेली बाळे यांचे डोके लवकर चपटे होते. उलट, जन्मानंतर लगेच काही बाळांचे डोके लांबट किंवा वाकडे दिसते. ते जन्माच्या वाटेतल्या दाबाने झालेले असते आणि बहुधा काही दिवसांत, फार तर सहा आठवड्यांत, आपोआप ठीक होते. तेवढ्यासाठी घाबरू नये आणि त्यावर हातही चालवू नये. डोक्यावर जन्मतः एखादा मऊ फुगवटा असेल, तर तो चोळून जिरवण्याच्या भरीस मुळीच पडू नये. तो डॉक्टरांना दाखवावा.

आता उपाय. पहिला आणि मोठा नियम असा: झोपताना पाठीवर, जागेपणी पोटावर.

झोपताना पाठीवर का, ते आधी सांगतो. कारण डोके चपटे होते म्हणून कोणी बाळाला पालथे झोपवील, तर ते फार धोक्याचे आहे. पूर्वी पाश्चात्त्य देशांत बाळांना पालथे झोपवण्याची पद्धत होती. पालथ्या झोपणाऱ्या बाळांत झोपेतच अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त असते, असे दिसून आले. तेव्हा १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने बाळांना पालथे झोपवू नये असे सांगितले आणि १९९४ पासून तिथे बाळाला पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम निघाली. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्याबरोबर एक लहानशी अडचणही वाढली. डोके मागून चपटे झालेली बाळे जास्त दिसू लागली. पण मंडळी, एका पारड्यात बाळाचा जीव आणि दुसऱ्या पारड्यात डोक्याचा आकार, असा हा सौदा आहे. त्यात जीवच जड. म्हणून झोप पाठीवरच. डोक्याच्या आकारासाठी दुसरे उपाय आहेत, आणि ते बिनखर्चाचे आहेत.

त्यातला पहिला उपाय जागेपणी पोटावर ठेवण्याचा. बाळ जागे आहे, खुशीत आहे आणि आपले लक्ष त्याच्यावर आहे, अशा वेळी जमिनीवर सतरंजी किंवा घट्ट घडी घातलेली गोधडी पसरून बाळाला पालथे ठेवावे. पहिल्या दिवसांत दोन-तीन मिनिटे पुरे, दिवसातून दोन-तीन वेळा. रडले तर उचलून घ्यावे आणि पुन्हा केव्हातरी ठेवावे. हळूहळू वेळ वाढवीत न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास तरी असे पोटावर ठेवावे. हा अर्धा तास एकदम नव्हे, थोडा थोडा करून. त्याने डोक्याच्या मागच्या भागावरचा भार उतरतो, आणि मान, खांदे, पाठ यांनाही बळ येते. मग बाळ मान लवकर धरते. दूध पाजल्यावर लगेच मात्र पालथे ठेवू नये, नाही तर ओकारी होते.

हे ऐकून एखादी आजी म्हणेल, ‘‘हे काय नवीन काढलंय?’’ आजीबाई, हे नवीन नाहीच. तुम्ही न्हाणीत पाय पसरून बसता, बाळाला पायांवर आधी उताणे आणि मग पालथे घालून न्हाऊ घालता. तुमच्या पायांवर पालथे पडलेले ते बाळ मान उचलायला धडपडते, तोच हा व्यायाम. तुमच्या परंपरेतली ही चांगली गोष्ट दिवसातून एकदाच होते, ती आणखी चार वेळा करा, एवढेच आमचे मागणे. आईने किंवा बापाने उताणे पडून बाळाला आपल्या छातीवर पालथे घेतले, तरी चालते. फक्त घेणाऱ्याने तसेच झोपी जाऊ नये. बापांनाही हे काम येते, बरे का.

दुसरा उपाय पाळण्याचा. बाळाची उशा-पायथ्याची बाजू रोज बदलावी. आज जिकडे डोके, उद्या तिकडे पाय. म्हणजे उजेडाकडे आणि माणसांकडे बघण्यासाठी बाळ आज उजवीकडे वळेल, उद्या डावीकडे. मघाच्या त्या सासूबाईंनी हरकत घेतली होती, ‘‘मग एक दिवसाआड पाय दक्षिणेला येतील की!’’ मी म्हटले, ‘‘तर मग पाळणाच पूर्व-पश्चिम टांगा.’’ त्यांना ते पटले. लक्षात राहावे म्हणून पाळण्याच्या एका टोकाला लाल चिंधी बांधावी. सोमवारी डोके चिंधीकडे, मंगळवारी दुसरीकडे. पाळण्यावर चिमणाळे किंवा खुळखुळा टांगलेला असेल, तर तोही एकाच बाजूला ठेवू नये. झोपलेल्या बाळाचे डोके एका अंगाला कलले असेल, तर हलकेच दुसरीकडे वळवावे. मात्र बाळाला कुशीवर टेकवून ठेवण्यासाठी पाठीमागे उशा, लोड, कपड्यांची बोचकी लावू नयेत. ती तोंडावर येण्याची भीती असते.

झोळीत बाळाला थोडा वेळ खेळवणे निराळे आणि तासन्‌तास झोपवणे निराळे. झोळीत बाळ अंगाची मोट करून पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडू शकते. डोके हलवायलाही जागा राहत नाही. लांबच्या झोपेसाठी सपाट, घट्ट अंथरूणच बरे.

तिसरा उपाय घेण्या-धरण्याचा. अंगावर पाजताना आई बाजू बदलते, त्यामुळे बाळाचे डोकेही आपोआप या बाजूचे त्या बाजूला होते. अंगावरच्या दुधाच्या अनेक फायद्यांत हाही एक लहानसा फायदा धरा. कडेवर घेताना मात्र आपण सगळेच एका कडेचे गुलाम असतो. शेतावर, पाणवठ्यावर बाळ नेहमी डाव्या कडेवरच असते. मान धरल्यावर बाळाला कडेवर घ्याल तेव्हा आलटून-पालटून घ्या. आणि जागेपणी बाळाला जितके उचलून घ्याल, मांडीवर खेळवाल, तितका डोक्यावरचा भार कमी.

आता काय करू नये, ते सांगतो. टाळू भरताना तेलाचा हलका हात लावायला कोणाची ना नाही. पण तळहातांत धरून डोके दाबणे, वळवणे, ‘‘आकार देणे’’ हे बंद करावे. त्याने डोके गोल होत नाही, आणि कोवळ्या हाडांना व आतल्या नाजूक भागाला इजा होण्याची भीती मात्र असते.

मोहरीच्या उशीविषयी मला नेहमी विचारतात. ज्यांची मुले त्या उशीवर वाढली आणि ज्यांची डोकी गोल राहिली, त्या मुलांना आज्या, आत्या, मावश्या दिवसभर उचलून घेत होत्या, हे आपण विसरतो. श्रेय उशीला मिळाले, केले हातांनी. तान्ह्या बाळाला वर्षभर कोणतीच उशी नको. मऊ उशीत तोंड रुतले तर श्वास कोंडतो. उशीची शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जातात. आता बाजारात मध्ये खळगा असलेल्या तयार उशाही मिळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली अशा उशा बाळांसाठी वापरू नका, असा स्पष्ट इशारा दिला आहे. तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

शहरांत एक निराळा उपाय ऐकू येतो. बाळाच्या मापाचे कडक टोप तयार करून ते दिवसातले तेवीस तास डोक्यावर ठेवतात. ते महाग असते. त्याचा उपयोग किती होतो, हे हॉलंडमध्ये ८४ बाळांवर पाहण्यात आले आणि त्याचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. टोप घातलेली आणि न घातलेली बाळे दोन वर्षांची झाल्यावर मापली, तेव्हा दोन्हींतली सुधारणा सारखीच निघाली. फारच तीव्र वाकडेपणा असलेली बाळे त्या पाहणीत नव्हती. तशा बाळाबद्दल तज्ज्ञच ठरवतील. पण सामान्य चपटेपणासाठी कर्ज काढून टोप घेण्याचे कारण नाही.

बाळ बसू लागले, रांगू लागले की डोके टेकून राहण्याचा वेळच कमी होतो आणि आकार सुधारू लागतो. अगदी काटेकोर गोल होईलच असे नाही. थोडा फरक राहतो, केसांत झाकला जातो आणि नजरेत भरत नाही. नुसत्या चपटेपणाने मेंदूच्या वाढीला अडथळा येत नाही, ही खूणगाठ बांधा.

येथपर्यंत मी धीर देणाऱ्या गोष्टी सांगितल्या. आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या उपयोगी पडेल.

दवाखाना सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत एक बाई दोन महिन्यांचे बाळ घेऊन आली. डोके उजवीकडून चपटे होते. मी वरवर पाहिले आणि म्हटले, ‘‘बसायला लागलं की होईल गोल. काळजी करू नका.’’ ती विश्वासाने गेली. दोन वर्षांनी ती पुन्हा आली, तेव्हा मूल चालत होते, पण त्याची मान डाव्या खांद्याकडे कललेली आणि हनुवटी उजवीकडे वळलेली होती. मी त्या वेळी डोके पाहिले होते, मान पाहिली नव्हती. त्या मुलाच्या मानेचा डावीकडचा स्नायू जन्मापासून आखडलेला होता. म्हणूनच ते नेहमी उजवीकडे तोंड करून निजे. शेवटी शहरात नेऊन त्या स्नायूची शस्त्रक्रिया करावी लागली. मूल बरे झाले. ती बाई मला वाईट-साईट काही बोलली नाही. ‘‘तुम्हीच म्हणाला होतात ना, होईल म्हणून,’’ एवढेच म्हणाली. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

हा आजार पहिल्या काही महिन्यांत ओळखला, तर बहुतेक बाळे मानेच्या हलक्या व्यायामानेच बरी होतात. तो व्यायाम जाणकाराकडून शिकून आईने रोज घरी करावयाचा असतो. मनाने मान ओढू नये. ओळखायची रीत सोपी आहे. बाळाला उताणे निजवा. एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून खुळखुळा किंवा वाटी-चमचा वाजवा. बाळ दोन्हीकडे सारखे वळते का? नेहमी एकाच बाजूला वळत असेल, दुसरीकडे वळताना अडत असेल किंवा रडत असेल, मानेत सुपारीएवढी गाठ लागत असेल, तर ‘‘होईल आपोआप’’ असे कोणी म्हणाले तरी थांबू नका. मीसुद्धा म्हणालो तरी थांबू नका.

आणखी एक गोष्ट विरळा, पण महत्त्वाची. सुमारे दोन ते अडीच हजार बाळांत एखाद्या बाळाच्या कवटीच्या हाडांचा जोड वेळेआधीच मिळून जातो. मग त्या बाजूने डोके वाढू शकत नाही. अशा बाळाचा वाकडेपणा बहुधा जन्मापासून असतो, कूस बदलून कमी होत नाही, उलट वाढत जातो. जोडावर बोटाला कडक वरंबा लागतो. टेकून चपट्या झालेल्या डोक्यात चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. वरून पाहिले तर खाटेची चौकट एका अंगाला तिरकी झाल्यासारखे दिसते. मागचा जोड मिळाला असेल, तर त्या बाजूचा कान बहुधा मागे व खाली ओढलेला दिसतो. या रोगाला शस्त्रक्रिया लागते आणि ती वेळेवर झालेली बरी. तसेच टाळू फुगलेली दिसली, डोके झपाट्याने मोठे होत असले, किंवा चार महिने होऊनही बाळ मान धरत नसले, तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. कधी कधी बाळ अशक्त असते, हालचाल कमी करते, आणि म्हणून त्याचे डोके चपटे होते. तेव्हा चपटे डोके हा रोग नसतो, ती खूण असते.

मग हे सगळे पाहावे केव्हा? त्यासाठी वेगळा हेलपाटा नको. बाळ घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला टोपरे काढून डोके आणि मान दाखवा. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी असतात. त्या वेळी डोक्याचा घेर मापून घ्या. घरी महिन्यातून दोनदा, न्हाऊ घातल्यावर केस ओले असताना, बाळाला मांडीवर बसते धरून वरून पाहा. दोन्ही कान एका रेषेत आहेत का? कपाळ एका बाजूने पुढे आले आहे का? एवढे पाहणे आईला, आजीला, कोणालाही जमते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुम्हालाही एक विनंती आहे. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. पाळण्याची बाजू बदलणे, जागे बाळ पोटावर खेळवणे, बाळाला उशी न देणे, या तीन गोष्टी त्यांना सांगितल्या तर त्या दुसऱ्या दिवशी घरी करून पाहतील. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला डोक्याच्या आकारावरून कोणी नाव ठेवले असेल, तर ते नाव तिथल्या तिथे बंद करा.

त्या सासू-सुनेचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. अडीच महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. पाळणा पूर्व-पश्चिम झाला होता, लाल चिंधीही बांधली होती. डोके पुरते गोल नव्हते, पण फरक दिसत होता. सासूबाई सांगत होत्या, ‘‘रोज चार वेळा मीच पालथा घालते. लबाड, मान वर करून माझ्याकडं बघतो.’’ सून शेजारी उभी होती. या खेपेला तिची मान खाली नव्हती.